खडूच्या रेषांमधली चासी

मित्रांनो, गाडी दिसली की तुम्ही तिचा रंग बघता, दिवे बघता, हॉर्न वाजवायला मिळेल का ते बघता. खाली वाकून कोणी बघत नाही. वाकलात तर चाकांच्या मधोमध एक लोखंडी शिडी आडवी पडलेली दिसेल. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या पाच आडव्या पट्ट्या. ती मी. एका जुन्या पिकअपची चासी. इंजिन माझ्यावर बसतं, केबिन माझ्यावर, मालाचा हौदाही माझ्यावरच. मिरवायचं बाकीच्यांनी आणि वाहायचं मी, अशी आमच्याकडची वाटणी. तक्रार नाही. मला केलंच होतं त्यासाठी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड पोलादाला दाबाखाली वाकवून माझे दांडे केले, रिव्हेट मारून पट्ट्या बसवल्या आणि शेवटी एकाने उजव्या दांड्यावर नंबर ठोकला. माझ्या मागेपुढे माझ्यासारख्याच शेकडो बहिणी रांगेत होत्या. नंबर सोडला तर आम्हांला ओळखायला दुसरं काहीच नव्हतं. माझ्यावर पेट्रोलचं इंजिन चढवलं, आणि विजेचे खांब उभारणाऱ्या एका कंत्राटदाराने मला कामाला जुंपलं.

माझा पहिला ड्रायव्हर भेटेल त्याला ‘मामा’ म्हणायचा, म्हणून सगळे त्याला भाचा म्हणत. भाचा मोठा मायाळू. सकाळी चावी फिरवताना म्हणायचा, “चल गं म्हशी, उन्हाच्या आधी पोचू.” माल भरणाऱ्यांशी त्याचं रोजचं भांडण. “मामा, पुरे आता! पिकअप आहे ही, आगगाडी नाही!” ते हसायचे आणि आणखी दोन खांब चढवायचे. तरी मी ओढायचे. मी कितीही ओझं नेते असं लोक एकमेकांना सांगत, आणि मला तेव्हा त्यात अभिमान वाटायचा.

सातव्या वर्षी एका उतारावर माझं डावं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. मागचे खांब दणकन पुढे सरकले, आणि माझ्या डाव्या दांड्यात, पुढच्या चाकावरच्या पोलादी पाट्यांच्या कमानीच्या जरा मागे, ‘कट्’ असा आवाज झाला. बारीकसा. भांड्याला भांडं लागावं तसा. भाच्याला दुसऱ्या दिवशी गाडी धुताना ते दिसलं. दांड्याला खालच्या काठापासून तडा गेला होता.

“मालक, चासी तडकली. हिच्यावर आता माल नको.”

“तू मालाचं बघू नकोस, रस्त्याचं बघ,” मालक म्हणाले.

महिन्याभराने मला विकायला काढलं. तड्यात पुट्टी भरून घासली, आणि वरून काळा रंग मारला. जाड, चकचकीत. भाचा शेजारी उभा राहून बघत होता. तो काही बोलला नाही. नोकरी त्यालाही टिकवायची होती.

पुढे माझे दोन मालक झाले. दोघांनी शहरात हलकंसलकं काम दिलं म्हणून मी तग धरला. मग इंजिन निघालं, केबिन कुजली, आणि उरलेली मी एका भंगाराच्या आवारात भिंतीकडेला पडले. पाच वर्षं. एका मांजरीने माझ्या तिसऱ्या पट्टीखाली दोनदा पिलं घातली, तेवढाच काय तो सहवास.

आणि एक दिवस मिस्त्री आले.

साठी ओलांडलेले, किरकोळ अंगाचे. खिशात खडू आणि हातात छोटी हातोडी. गेली चाळीस वर्षं ते लोकांना हव्या तशा गाड्या बांधून देत. कुठली चासी, कुठलं इंजिन, कुठली चाकं, असं जमवून. बरोबर त्यांचा जुना वेल्डर होता. त्याला ठिणगी म्हणत, कारण वेल्डिंग असो की गप्पा, हा असेल तिथे पेटवापेटवी ठरलेली.

“आता बघा गंमत,” ठिणगी आवारवाल्याला म्हणाला. “चांगलं लोखंड टणकन बोलतं. तडकलेलं बसक्या आवाजात. आमचे मिस्त्री दांडा वाजवतात आणि कानाने निवडतात. एकदा त्यांनी खडूने बरोबरची खूण केली, की मी परत बघतसुद्धा नाही. आमच्याकडे परत कोणीच तपासत नाही.”

मिस्त्रींनी उजवा दांडा वाजवला. टण्. टण्. टण्. डावा वाजवायला घेतला. टण्. टण्. आता तड्याची पाळी. हातोडी त्या जागी पडली आणि मी बोलले, “थप्.”

हातोडी पुढे गेली. टण्. टण्.

मिस्त्री उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि डाव्या दांड्यावर खडूने बरोबरची खूण केली.

खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, त्यांच्या कानातून निसटले, वाचले. पाच वर्षं भिंतीकडेला पडून बघा, मग कळेल. पुन्हा रस्ता दिसेल, कोणीतरी पुन्हा ‘चल गं म्हशी’ म्हणेल, एवढंच मनात होतं.

मिस्त्रींची शेड घराला लागूनच होती. मला धुऊन चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे पायांच्या टेकूंवर, उभं केलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींची लेक आली. ती गुरांची डॉक्टर. कडेवर दहा महिन्यांची मुलगी. एवढी वाटोळी, की तिला सगळे गोटीच म्हणत.

“बोला डॉक्टरीणबाई,” मिस्त्री म्हणाले. “गाडी कशी हवी?”

“पोचणारी,” ती म्हणाली.

तिची बदली डोंगरातल्या दवाखान्यावर झाली होती. बावीस वाड्या, त्यातल्या नऊ ओढ्याच्या पलीकडे. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं होतं. गोटी अंगावर पीत होती, म्हणून तीही बरोबर जाणार.

“दोन वर्षांपूर्वी, जुन्या दवाखान्यावर असताना, एका गाईचं वासरू अडलं होतं, बाबा. माझी छोटी गाडी ओढ्यातच रुतली. पुढे दोन तास चालत गेले. पोचले तेव्हा मालकीण गाईच्या मानेवर हात ठेवून बसली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही.” तिने गोटीला कडेवर सावरलं. “मला ते पुन्हा नकोय.”

मिस्त्री तिच्या ओठांकडे एकटक बघत ऐकत होते. मला वाटलं, बापाची माया.

“मग डिझेलच,” ते म्हणाले. “पेट्रोलला जोर यायला पळावं लागतं, डिझेल उभ्याउभ्या ओढतं. आणि ताकद चारही चाकांना. मागची दोन रुतली, की पुढची दोन बाहेर काढतील.”

मिस्त्री कागदावर गाडी काढत नसत. ‘कागदावर काय, सगळंच बसतं,’ म्हणायचे. ते शेडची फरशी धुऊन घेत आणि चासीभोवती खऱ्या मापाची गाडी खडूने जमिनीवर काढत. आत फिरून बघायचं, बसून बघायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. दोन दिवसांत माझ्या चहूबाजूंनी एक अख्खी गाडी उमटली. पुढे रेडिएटर, मग इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी, पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटून देणारी. मागे औषधांची कपाटं, आणि पाय बांधलेलं वासरू आडवं मावेल एवढी जागा. मी घोड्यांवर उभी राहून माझंच पुढचं आयुष्य बघत होते. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

शेडमध्ये आता सगळ्यांनी त्या गाडीचा मान ठेवायचा, असा नियम झाला. मिस्त्रींची बायको, म्हणजे डॉक्टरची आई, चहा घेऊन सरळ आत आली.

“अहो काकू!” ठिणगी ओरडला. “दार आहे ना तिकडे! काचेतून काय येताय?”

“अगंबाई, रेडिएटरवर पाय पडला,” काकू म्हणाल्या. “गरम नाही ना अजून? चहा ठेवू का त्याच्यावर?”

गोटीने तोवर रांगत जाऊन पुढचं डावं टायर चाटून निम्मं केलं होतं.

इंजिन कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. चार सिलिंडरचं डिझेल, माझ्या जुन्या इंजिनाच्या जवळजवळ दीडपट जड. ते मी पाहिलं आणि माझं सुख जागच्या जागी विरलं. एवढं वजन माझ्या पुढच्या भागावर येणार. शिवाय चार चाकांची गाडी ओढ्यातून निघते तेव्हा चासीला पिळते, ओला कपडा पिळावा तशी. आणि आत केबिनमध्ये कोण असणार, तर ही डॉक्टरीण आणि टायर चाटणारी गोटी.

त्या दिवसापासून मला वाटू लागलं, हा तडा सापडायला हवा. कोणीतरी बघा. पण बघणार कोण? खूण झाली होती.

मग मला एक आशा दिसली. इंजिन ज्या दोन ब्रॅकेटवर बसतं, ते ब्रॅकेट माझ्या दांड्यांना वेल्डिंगने जोडायचे होते. मिस्त्रींनी मापं घेतली आणि डाव्या ब्रॅकेटचा चौकोन माझ्यावर खडूने आखला. तो बरोबर तड्यावर पडला! वेल्डिंगच्या आधी तिथला रंग घासून काढावाच लागतो. ठिणगी ग्राइंडर लावेल, काळा रंग उडेल, पुट्टी उडेल, आणि मग लपायला काही उरणार नाही. मी उद्याची वाट बघू लागले.

सकाळी डॉक्टर खडूच्या केबिनमध्ये स्टूल टाकून बसली. मांडीवर गोटी. डावा हात पुढे करून तिने हवेत गिअर टाकून बघितले.

“बाबा, खिडकीशी रस्ता दाखवायला माणूस बसणार. म्हणजे हिची खुर्ची मधे हवी, माझ्या हाताशी. पण मधे गिअरची दांडी येते, आणि तिच्यामागे फोर-व्हीलची. हिच्या गुडघ्यांना लागतील दोन्ही.”

मिस्त्री उकिडवे बसले. बोटांनी मोजलं, मान हलवली, पुन्हा मोजलं. “इंजिन एक वीत पुढे घेऊ. दांड्या आपोआप पुढे जातील.”

“रेडिएटर?”

“बोटभर जागा राहते. खाली पुढच्या चाकांच्या धुऱ्याला इंजिनाची तेलाची टाकी लागेल, तर कमानीला एक पाटा वाढवून गाडी उचलून घेतो. माझ्या नातीचे गुडघे महत्त्वाचे की तेलाची टाकी?”

त्यांनी फडकं ओलं केलं आणि माझ्यावरचा चौकोन पुसला. एक वीत पुढे नवा आखला. तिथलं माझं लोखंड निकोप होतं.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते तुम्हांला कसं सांगू? चूक कोणाचीच नव्हती. आईला लेकराला जवळ बसवायचं होतं, आजोबांना नातीचे गुडघे जपायचे होते. त्या मायेपोटीच ते फडकं माझ्यावरून फिरलं. मी ओरडले असते. पण मला ठोकल्याशिवाय आवाजच येत नाही.

दोन दिवसांनी दुपारची गोष्ट. ठिणगी खिळेमोळे आणायला गेला होता. डॉक्टर आंघोळीला गेली होती. गोटी शेडमध्येच टोपलीत झोपलेली. मिस्त्री तिच्याकडे पाठ करून ब्रॅकेटवर कानस चालवत होते आणि स्वतःशीच गुणगुणत होते. गोटी जागी झाली, टोपलीचा काठ धरून उभी राहिली, टोपली कलंडली आणि ती तोंडावर पडली.

काय रडली ती! आधी आवाजच फुटेना, मग एकदम टाहो. मिस्त्री पाच पावलांवर होते. त्यांची कानस चालू होती. खर्र, खर्र. गुणगुणणं चालू होतं. पोर लालची जांभळी झाली. मी घोड्यांवर खिळलेली. मला वाटलं, आता वळतील, आता वळतील. ते वळले नाहीत.

डॉक्टर ओल्या केसांनी धावत आली. तिची सावली फरशीवर पडली तेव्हा मिस्त्रींनी मान वर केली.

“बाबा! किती वेळ रडतेय ही!”

मिस्त्री गोटीकडे बघतच राहिले. “अगं... आत्ताच उठली वाटतं.”

गोटीला रडून उचकी लागली होती. आत्ताच उठलेल्या मुलाला उचकी लागत नाही, हे आईला कोणी सांगावं लागत नाही. डॉक्टर पोरीला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली. मिस्त्री पुन्हा कामाला लागले, तेव्हा त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळूच म्हणाली, “बाबा.” मग जरा मोठ्याने, “बाबा, चहा घेणार?” मग आणखी मोठ्याने.

खर्र, खर्र.

संध्याकाळी मिस्त्री नट आणायला कुठेतरी गेले असताना तिने शेडमध्येच आईला धरलं. “किती दिवस झाले?”

काकू माझ्या दांड्यावर हात टेकून उभ्या होत्या. “तीन वर्षं,” त्या म्हणाल्या. “बारीक आवाज तर मुळीच नाही. समोरून बोललं की ओठांवरून ओळखतात. गिऱ्हाईक आलं की मी चहाच्या निमित्ताने येते आणि त्याचं बोलणं पुन्हा बोलते. ‘म्हणजे तुम्हांला अमुक हवंय होय’, असं.”

“आणि मला नाही सांगितलंस?”

“सांगून काय केलं असतंस? कानावर जगलाय गं तो माणूस. तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. एवढं कर माझ्यासाठी.”

डॉक्टरची नजर माझ्या डाव्या दांड्यावरच्या खुणेवर गेली. मग ती माझ्याकडे फार वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने ठिणगीला बाजूला घेतलं. “काका, ही चासी एकदा घासून बघाल का? सगळी? बाबांना न सांगता?”

ठिणगीच्या तोंडची विडी तशीच राहिली. “मिस्त्रींच्या खुणेवर ग्राइंडर लावू? त्यांच्याच शेडमध्ये? ताई, त्यापेक्षा माझा हात काप.” मग तिचा चेहरा बघून तो नरमला. “काही झालंय का?”

ती ‘नाही’ म्हणाली. आईला शब्द दिला होता. आणि बापाला तोंडावर खोटं पाडायचं धाडस तिच्यात नव्हतं. ती गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारी बाई, पण इथे तिचा हात उठेना. चार दिवस ती शेडमध्ये येत राहिली, गप्पा मारत राहिली, आणि जाता जाता रोज एकदा माझ्या दांड्यावर बोटं फिरवून जाई. तड्यावरूनही फिरली. पण रंग फार सफाईने मारलेला होता.

रुजू व्हायला पाच दिवस उरले. ब्रॅकेट बसले. पुढचा धुरा खाली लागला. इंजिन चेनकप्पीला अडकवून वर घेतलं. ते माझ्या डोक्यावर हळूहळू डुलू लागलं. ठिणगी साखळी धरून. मिस्त्री हाताने इशारे करत, “पुढे... आणखी... थांब.”

आता ते खाली येणार आणि पुन्हा निघणार नाही. मी तडा मिटून घट्ट धरण्याची मनातल्या मनात तयारी केली. दुसरं करणार तरी काय?

“बाबा,” डॉक्टर म्हणाली, “डावीकडे तिरकं होतंय.” आणि हे सांगायला ती इंजिनाला वळसा घालून, पार पलीकडे जाऊन त्यांच्या समोर उभी राहिली होती.

मिस्त्री इंजिनाकडे बघेनात. तिच्याकडे बघत राहिले. वर केलेला हात तसाच.

“पोरी, तू आधी पाठीमागून बोलायचीस माझ्याशी. लहानपणापासून. आत येता येताच सुरू व्हायचीस. चार दिवस झाले, तू समोर येऊन बोलतेस.”

 साखळी तेवढी करकरत होती.

“कळलं ना तुला?”

तिने मान हलवली.

“आणि तरी या चासीवर बसणार होतीस? गोटीला घेऊन?”

“तुमची खूण आहे ना तिच्यावर,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “जाईन मी, बाबा. खरंच जाईन.”

“तू जाशील गं,” मिस्त्री म्हणाले. “मी कसा जाऊ देऊ?”

त्यांनी कमरेची हातोडी काढली. तिचा दांडा तिच्याकडे करून धरली. “वाजव. पहिल्यापासून. मी तुझ्याकडे बघतो.”

“मिस्त्री, मी म्हणतो...” ठिणगीने तोंड उघडलं.

“तू साखळी धर. सोडलीस तर आपण सगळेच बहिरे होऊ.”

ती गुडघ्यांवर बसली. उजवा दांडा. टण्. टण्. टण्. डावा दांडा मागच्या टोकाकडून. टण्. टण्. ती कमानीजवळ आली. मिस्त्री माझ्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते. हातोडी पडली.

थप्.

तिने पुन्हा मारली. थप्. ती वर बघेना. तिसऱ्यांदा मारायला हात उचलला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “राहू दे. दिसलं मला.”

इंजिन बाजूला उतरवलं. ठिणगीने ग्राइंडर लावला. काळा रंग उडाला, पिवळी पुट्टी उडाली, आणि माझा तडा उजेडात आला. मीही तो पहिल्यांदाच नीट पाहिला. इतक्या वर्षांत तो वाढला होता. दांड्याची दोन तृतीयांश उंची खाऊन वर चढला होता. ठिणगीने त्यात नख घातलं. नख पूर्ण आत गेलं.

“पट्टी मारू का आतून-बाहेरून?” तो हलक्या आवाजात म्हणाला. मिस्त्रींना ऐकू आलं नाही. डॉक्टरने समोर येऊन तेच सांगितलं.

“भाजीपाल्याची गाडी असती तर मारली असती,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी अंगठ्याने आपली खूण पुसली. मग खाली फरशीवर बसले.  काकू दारात उभ्या होत्या, हातात चहा, पदर तोंडाला लावलेला.  मी सगळ्यांच्या मधोमध, उघडी पडलेली.

शेवटी डॉक्टर म्हणाली, “दुसरी चासी मिळेपर्यंत मी चालत जाईन.”

“जा,” मिस्त्री म्हणाले. “चालत पोचशील तरी.”

मला उचलून बाहेर काढलं तो दिवस मला फारसा आठवत नाही, आठवू देत नाही. आता मी अंगणाच्या कुंपणाला टेकून आहे. आतून मोजमापांचे आवाज येतात. दुसऱ्या कोणाचं तरी आयुष्य आखलं जातंय. मला कापून न्यायला माणूस उद्या येणार आहे.

इथे पडल्या पडल्या एकच विचार येतो. मला वाचा असती, तर पहिल्याच दिवशी, त्या आवारात, मी मिस्त्रींना सांगितलं असतं का? खोटं कशाला बोलू? नसतं सांगितलं. तेव्हा मला जगायचं होतं. म्हणून मालकांना आणि भाच्याला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. जुन्या वस्तूला रंग देण्याआधी तिला खरवडून बघा. दुखणं झाकून तिच्यावर ओझं टाकू नका. आणि घरातल्या कोणाला ऐकू येईनासं झालं, दिसेनासं झालं, हात कापू लागला, तर त्यांच्या वतीने गप्प राहून ते सांभाळू नका. माया म्हणूनच गप्प राहावंसं वाटतं, ते मी पाहिलंय. पण समोर जाऊन बसा, आणि विचारा. विचारणाऱ्याला रडू आलं तरी चालतं.

आज सकाळी मिस्त्री आणि डॉक्टर माझ्याकडे आले. गोटी तिच्या कडेवर. मिस्त्रींनी माझ्या दांड्यावर पंजा पालथा ठेवला, निकोप भागावर, आणि डोळे मिटले.

“वाजव.”

तिने वाजवलं. त्यांनी पंजा उचलून तड्याशी ठेवला. तिने पुन्हा वाजवलं.

“हाताला काही फरक लागतोय?” तिने त्यांच्या खांद्याला स्पर्श करून, त्यांनी डोळे उघडल्यावर विचारलं.

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “नाही लागत.”  मग त्यांनी पुन्हा पंजा ठेवला आणि डोळे मिटले. “परत वाजव.”

ती वाजवत राहिली. आणि मी, जिथे निकोप होते तिथे, जेवढं थरथरता येईल तेवढं थरथरले.